भुऱ्याला घेऊन जेवायला, कोकणात आणि नागपूरला : जाणकारांनी सांगा

चिंचेखालचा | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. मी इथला जुना वाचक. लिहायचा आळस. पण आज राग आलाय म्हणून लिहितो.

आमच्या घरी भुऱ्या आहे. वय ३ वर्षं, वजन २२ किलो, जन्म आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रिक्षाखाली. एक कान उभा, एक पडका. सगळ्या लसी झालेल्या, पट्टा, कार्ड, सगळं व्यवस्थित. काल बायकोचा वाढदिवस होता. ठाण्यातल्या एका कॅफेच्या काचेवर पंजाचं स्टिकर पाहिलं होतं, कुत्री चालतात असं लिहिलेलंही होतं. म्हटलं, चला, भुऱ्यालाही नेऊ. आत शिरतो तोच मॅनेजर आडवा.

"कुठली ब्रीड, सर?"
"देशी."
"म्हणजे... स्ट्रीट?"
"होता. आता तिसऱ्या मजल्यावर राहतो."

तर म्हणे सॉरी, इतर कस्टमरना त्रास होतो. आणि त्याच्या मागच्या टेबलाशी बाबागाडीत बसून एक शित्झू कुत्रा चीज टोस्ट खात होता! शेवटी आम्ही वडापाव घेऊन तलावपाळीवर बसलो. भुऱ्याला काही फरक पडला नाही, मला पडला.

आता प्रश्न. डिसेंबरात आई, बायको आणि भुऱ्याला घेऊन चार दिवस दापोलीकडे जायचंय, स्वतःच्या गाडीने. फेब्रुवारीत नागपूरला भाचीचं लग्न आहे. सगळं घर जाणार, याला ठेवायचं कुणाकडे? रेल्वेने नेता येतं म्हणतात. कुणी नेलंय का? आणि जेवायला जाताना तुम्ही काय करता?

---

रानजाई | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

स्टिकरवर कधी जाऊ नका हो. आधी फोन करायचा आणि सरळ विचारायचं: कुत्रा एवढ्या वजनाचा, देशी, आत बसता येईल की फक्त बाहेर, पंखा आहे का, तुमचं स्वतःचं मांजर किंवा कुत्रं आहे का. फोनवर "हो हो, या या" म्हणणाऱ्याला "देशी" म्हटल्यावर काय होतं ते ऐकायचं. तिथेच कळतं.

बाकी माझ्या दोन कुत्र्यांच्या संसारातून शिकलेली गोष्ट म्हणजे सतरंजी. एक जुनी सतरंजी फाडून तिचा हातभर तुकडा केला. महिनाभर घरी आम्ही जेवताना कुत्री त्या तुकड्यावर बसणार, आम्ही उठेपर्यंत. मग तोच तुकडा घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, दहा मिनिटं. मग ढाब्यावर. आता कुठेही तो तुकडा अंथरला की दोघं त्यावर मुटकुळं करून पडतात, कारण त्यांच्या लेखी ते घरच आहे. एकदम रविवारी संध्याकाळी गजबजलेल्या हॉटेलात नेलं तर माणसाचं डोकं फिरतं, कुत्र्याचं का नाही फिरणार? दुपारी चारची वेळ बघा, कोपऱ्यातलं टेबल घ्या, त्याआधी अर्धा तास दमवून आणा. पाण्याचं भांडं आपलं. हॉटेलच्या वाटीत पाणी देऊ नका, यावरून मी माणसांशीही भांडलेय आणि कुत्रेवाल्यांशीही.

आणि खरं सांगू? कॅफेपेक्षा हायवेचा ढाबा बरा. बाजेखाली गार असतं, ब्रीड कुणी विचारत नाही.

---

स्पष्ट_बोलतो | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, शिव्या खायची तयारी ठेवून.

आम्ही दोघं म्हातारे महिन्यातून एकदा बाहेर जेवतो. मागच्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी स्वतःच्या ताटलीतलं पनीर काट्याने कुत्र्याला भरवलं, ताटली त्याच्याकडून चाटून घेतली, आणि वेटरने ती उचलून इतर ताटल्यांवर ठेवली. त्यानंतर मला वरणभात जाईना. कुत्र्याचा दोष शून्य. पण जिथे अन्न तयार होतं आणि भांडी घासली जातात तिथे जनावर नको, या साध्या अपेक्षेला प्राणीद्वेष म्हणू नका. देशी की विलायती हा भेद मात्र मला मान्य नाही. शित्झू आत आणि भुऱ्या बाहेर, हे काही स्वच्छतेचं कारण नव्हे.

---

रानजाई | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

ताटली चाटवणाऱ्यांना मीही हाकलून देईन. +१.

---

भित्री_भागूबाई | १७ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मला लहानपणी कुत्रा चावलाय. पोटरीवर अजून व्रण आहे. मला फक्त एका वाक्याबद्दल बोलायचंय: "तो काही करत नाही."

हे वाक्य मी लिफ्टमध्ये ऐकलंय, जिन्यात ऐकलंय, काशिदच्या किनाऱ्यावर ऐकलंय. दरवेळी म्हणणारा हसत असतो आणि पट्टा सैल असतो. अहो, तो काही करत नाही हे तुम्हाला माहीत आहे, माझ्या गुडघ्यांना माहीत नाही. एकदा एका मुलीने मला पाहिलं, काही न बोलता पट्टा हातावर दोन वेढे गुंडाळला आणि कुत्र्याला स्वतःच्या दुसऱ्या बाजूला घेतलं. बस, एवढंच. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून अख्खी थाळी जेवले.

---

चिंचेखालचा | १७ नोव्हेंबर, दुपारी २:०२

@भित्री_भागूबाई, हे वाक्य मीही म्हणतो. परवा मॅनेजरलाही हेच म्हणालो होतो. यापुढे म्हणणार नाही.

---

माडाखालचं_घर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

गुहागरकडे आमचं चार खोल्यांचं घरगुती राहण्या-जेवण्याचं आहे. कुत्रा घेऊन येणाऱ्यांना आम्ही नाही का म्हणत होतो ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी एक जोडपं आलं, सोबत हस्की. मे महिना. त्या दाट केसांच्या बिचाऱ्याला मे महिन्यात कोकणात आणणं हेच पहिलं पाप. समुद्रावरून आले, पांढऱ्या टॉवेलने त्याला पुसलं, मग तो वाळूसकट पलंगावर. चादर दोनदा धुतली तरी केस निघेनात. हे एक वेळ चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सोडून मोकळा केला आणि त्याने आमच्या तीन कोंबड्या मारल्या. एक तर खुडूक बसलेली होती, अंड्यांवर. पाहुणा पाकीट काढून विचारतो, "एक कोंबडी कितीला?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. खुराड्यापाशी जाऊन बसल्या. त्या कोंबडीला त्यांनी नाव ठेवलेलं होतं हो. पैसे नाही घेतले त्यांनी. त्यांना बाजारभाव द्यायला गेलात तर अपमान वाटणार.

मग वर्षभर पाटीच लावली, कुत्रा नको. आता परत घेतो, पण आधी फोनवर सगळं सांगते. चादर तुमची. आवारात पट्टा. आंघोळ मागच्या दारी न्हाणीघराबाहेरच्या नळावर, खोलीत नाही. जेवण पडवीत, कुत्रा पायरीखाली. आणि आमच्या घरचं कुत्रं भुंकणार, कारण घर त्याचं आहे.

एक कळकळीची विनंती. दापोलीकडे जाताय तर आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कुत्रा मोकळा सोडू नका. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री येऊन वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालून जातात. कुत्र्याला वास लागला की पाच मिनिटांत घरटं उकरून मोकळा. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली. आता पोरं पहाटे किनारा तुडवून घरटी शोधतात. त्यांच्या आधी तुमचा भुऱ्या पोचायला नको.

---

गुरांचा_डॉक्टर | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

नाव गुरांचा असलं तरी दिवसभर कुत्रीच बघतो. चिंचेखालचा, तुमच्यासाठी थोडं.

गाडीत बसवायच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. लाळ गळायला लागली, सारखा ओठ चाटतोय, जांभया देतोय, तर पुढे ओकारी आहे असं समजा आणि थांबा. आताच दोन-तीन छोट्या फेऱ्या मारून बघा. होत असेल तर डॉक्टरकडून गोळी घ्या. माणसांची गोळी अंदाजाने अर्धी मोडून देऊ नका. मागच्या सीटवर, छातीच्या पट्ट्याला अडकवून. मांडीवर, पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर डोकं, हे फोटोपुरतंसुद्धा नको.

"पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत ठेवणारे लोक मला दरवर्षी भेटतात. बाहेर ३० अंश असले तरी काचा लावलेल्या गाडीत दहा मिनिटांत १० अंशांच्या आसपास चढतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. गाडीतली हवाच तापली की धापा टाकून उपयोग नाही. पग, बुलडॉग ही चपट्या नाकाची मंडळी तर त्याही आधी आडवी होतात. जेवायला एकाने आत जायचं, दुसऱ्याने कुत्र्यापाशी थांबायचं. डांबरावर चालवायच्या आधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा.

खाण्यात कांदा आणि लसूण नको. लोक चॉकलेटला घाबरतात आणि मिसळीचा रस्सा खुशाल वाढतात. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, तोवर कुणाला मिसळ आठवत नाही. शिजवलेलं हाड नको, त्याच्या चिरफळ्या होतात. द्राक्षं, बेदाणे नकोत, म्हणजे लग्नातला शिराही नको. समुद्राचं पाणी प्यायला तर जुलाब ठरलेले, म्हणून किनाऱ्यावर जाण्याआधी पोटभर गोडं पाणी पाजा.

परत आल्यावर गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली. ताप, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या असं दिसलं तर वाट बघू नका. रेबीजची लस आणि लेप्टोचा समावेश असलेली लस चालू वर्षाची हवी. कार्ड सोबत ठेवा, फोनमधला फोटो सगळीकडे चालत नाही.

---

संत्र्याची_बाग | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:१८

अजी भाऊ, नागपूरले याचं तर मी सांगतो! आमची राणी, लॅब्रॅडोर, दोनदा मुंबई-नागपूर जाऊन आली. आता जरा सरळ भाषेत लिहितो, नाही तर तुमाले समजणार नाही.

रेल्वेत कुत्रा फक्त फर्स्ट एसीत तुमच्यासोबत बसू शकतो. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअरकार, कुठेच नाही. आणि फर्स्ट एसीतही अख्खा कूपे (दोन बर्थ) किंवा अख्खी केबिन (चार बर्थ) तुमच्या नावावर पाहिजे. तिकीट काढताना कूपे निवडता येत नाही, तो चार्ट लागताना मिळतो. म्हणून दोघांचं एकाच पीएनआरवर तिकीट काढायचं आणि रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज द्यायचा: सोबत पाळीव कुत्रा आहे, कूपे मिळावा, खाली पीएनआर. अर्जाची पोच घ्या. मिळेलच असं नाही. चार्ट लागेपर्यंत जिवाले घोर.

गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात. तिकिटाची प्रत, लसीचं कार्ड, डॉक्टरचा ताजा फिटनेस दाखला, तुमचं ओळखपत्र. वजन होते, पैसे भरायचे, पावती मिळते. ती पावती जिवापाड जपा. बिनापावतीचा कुत्रा सापडला तर सहापट वसुली.

दुसरा रस्ता म्हणजे गार्डच्या डब्यातली पेटी. लोखंडी खोका, कुत्रा एकटा, रात्रभर खडखडाट. खाऊ-पाणी तुम्हीच उतरून द्यायचं. पहिल्या खेपेले आमाले कूपे नाही मिळाला, तिकीट रद्द केलं पण राणीले पेटीत नाही टाकलं. बाकी तुमची मर्जी.

विदर्भ एक्सप्रेसले फर्स्ट एसी आहे, दुरांतोलेही आहे. मी म्हणेन विदर्भ घ्या. थांबे आहेत. कुत्र्याले मोकळं व्हायले प्लॅटफॉर्म पायजे ना बाप्पा!

---

इसार_काठ | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

म्युनिकहून. इथे कुत्रा हॉटेलात दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. बिअर गार्डनमध्ये टेबलाखाली लॅब्रॅडोर झोपलेला, वेटर न विचारता पाण्याचं भांडं ठेवून जातो. सामानासारखा उचलता येईल असा पिंजऱ्यातला छोटा कुत्रा रेल्वेत फुकट, मोठ्याला निम्मं तिकीट, पट्टा आणि तोंडाला जाळी. पण हे फुकटचं कौतुक नाही. कुत्रा पाळण्यावर पालिकेचा कर आहे, म्युनिकला वर्षाला १०० युरो. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे इथे कुत्र्याकडे कुणी बघतच नाही. "अले अले" नाही की "हाड हाड" नाही. आपल्याकडे दोन्हींपैकी एक ठरलेलं.

भारतातून माझी म्हातारी बिट्टी आणली त्याची गोष्ट थोडक्यात. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, त्यात प्रतिपिंडं दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त हवीत, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. निघताना मुंबईच्या प्राणी क्वारंटाइन केंद्राचा दाखला. आधी लस आणि मग चिप असा उलटा क्रम झाला तर सगळं पहिल्यापासून. माझं तसंच झालं. पाच महिने आईने तिला सांभाळलं आणि रोज फोनवर मला शिव्या दिल्या.

---

उगाच_एक_शंका | १९ नोव्हेंबर, रात्री ८:००

विमानाने नाही का नेता येणार?

---

इसार_काठ | १९ नोव्हेंबर, रात्री ८:२५

२२ किलोचा कुत्रा केबिनमध्ये नाही बसणार. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली, एअर इंडिया आधीपासून घेते, पण केबिनमध्ये फक्त छोटे, सीटखाली मावतील असे. मोठे खाली सामानाच्या कक्षात. इंडिगो प्रशिक्षित मदतनीस कुत्रे सोडून घेत नाही. किलोची मर्यादा बदलत असते, तिकिटाआधी फोन करा.

---

ओतूरची_लेक | २० नोव्हेंबर, सकाळी ९:५०

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. जुन्नर, ओतूर, आळेफाट्याकडे आता शेतावरची राहायची ठिकाणं खूप झालीत. मुंबईचे पाहुणे कुत्रा आणतात आणि रात्री व्हरांड्यात बांधून झोपतात, "मोकळी हवा" म्हणून. आमच्याकडं उसात बिबट्या राहतो. जंगलातून येतो वगैरे नाही, राहतो. पिलं उसातच होतात. आणि बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. गावातली कुत्री निदान सुटी असतात, पळतात. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो शोभेचा नाही, बिबट्या मानेलाच धरतो म्हणून.

आमच्यात दिवे लागले की कुत्रं आत. रात्री त्याला बाहेर न्यायचं झालं तर दोघं जण, बॅटरी घेऊन. पाहुण्यांना सांगितलं की हसतात. मग सकाळी ओट्यापुढचा माग दाखवला की हसू जातं.

---

सह्यवेडा | २० नोव्हेंबर, सकाळी ११:०५

यालाच जोडून. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेऊ नका, "पट्ट्याला बांधून नेतो" म्हणूनही नाही. २०१८ मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरला २३ सिंह दगावले, त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांतल्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. रोगांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते.

माथेरान बरं आहे, दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्या जात नाहीत. पण घोडे आहेत आणि माकडं आहेत. घोड्याच्या मागच्या पायांपासून लांब.

---

उगाच_एक_शंका | २० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

आणि गडावर? रायगडावर तर वाघ्या कुत्र्याची समाधीच आहे!

---

स्पष्ट_बोलतो | २० नोव्हेंबर, सकाळी ११:३४

तो विषय इथे काढू नका. हात जोडतो. धागा कुलूपबंद होईल.

---

चिंचेखालचा | २९ डिसेंबर, रात्री ९:३०

दापोली करून आलो. उशिरा लिहितोय, क्षमस्व.

डॉक्टर, तुमचं ऐकून आधी दोन फेऱ्या मारल्या होत्या, शिळफाट्यापर्यंत आणि बदलापूरपर्यंत. काही झालं नाही. म्हणून गोळी आणली नाही. पनवेल, पेण, वडखळ छान. लोणेरे सोडून आंबेतकडे वळलो आणि मंडणगडच्या वळणांवर भुऱ्याने ओठ चाटायला सुरुवात केली. मी बायकोला म्हटलं, "जांभई आली तर सांग." ती म्हणाली, "आली." गाडी बाजूला घेईपर्यंत आईच्या शालीवर. आई काय म्हणाली असेल? "अगं बाई, याला लिंबू द्या कुणीतरी."

राहायला सात ठिकाणी फोन केले. रानजाईंचे प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. चौघांनी "देशी" ऐकल्यावर "मग बाहेर बांधावा लागेल" म्हटलं. ओतूरच्या ताई, मी प्रत्येकाला विचारलं, बिबट्या येतो का? एक जण म्हणाला, "येतो कधी कधी, पण काही करत नाही." भागूबाई, तुमची आठवण आली.

शेवटी दापोलीच्या मुरुडजवळ एका काकूंकडे जागा मिळाली. त्यांनी फोनवर विचारलं, "कोंबडीच्या मागे लागतो का?" मी खरं सांगितलं, "माहीत नाही, त्याने कोंबडी फक्त दुकानात बघितलीय." तर म्हणाल्या, "या. पट्टा सोडू नका म्हणजे झालं." चादर आमची, आंघोळ बाहेरच्या नळावर. जेवणाच्या वेळी सतरंजीचा तुकडा पडवीखाली अंथरला. पहिल्या दिवशी उठला तीनदा. दुसऱ्या दिवशी काकूंनी सुरमई तळायला घेतली तेव्हा त्याचं नाक एवढं हलत होतं, पण बूड सतरंजीवरच. मी बायकोचा हात दाबला. दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

समुद्राला मात्र घाबरला. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकते ना, ती त्याला पटली नाही. चारही पंजे रोवून लाटेवर भुंकला, लाट मागे गेली, याला वाटलं आपण हाकलली. मग चारही दिवस हेच काम.

कर्देच्या वाटेवर एका हॉटेलवाल्याने न विचारता बाजूचं टेबल दिलं. वेटरला मीच सांगितलं, पाणी नको, भांडं आहे. शेजारच्या कुटुंबातली छोटी मुलगी आईला चिकटली, मी पट्ट्याचे दोन वेढे हातावर घेतले आणि त्याला पलीकडे वळवलं. काही बोललो नाही. पोरगी दहा मिनिटांनी स्वतःच येऊन विचारती झाली, "त्याचा एक कान मोडलाय का?"

आल्यावर गोचीड निघाले चार. एक शेपटीखाली.

---

माडाखालचं_घर | ३० डिसेंबर, सकाळी ६:५०

पुढच्या खेपेला आमच्याकडे या. कोंबड्या आत ठेवीन.

---

चिंचेखालचा | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

नागपूरहून लिहितोय. लग्न काल झालं.

संत्र्याची बाग, तुम्हाला दंडवत. आईला आधीच मामाबरोबर पाठवलं आणि आम्हा दोघांची विदर्भची तिकिटं काढली. अर्ज दिला, पोच घेतली, तरी चार्ट लागेपर्यंत मी फोन हातातून सोडला नाही. कूपे मिळाला.

पार्सल ऑफिसात भुऱ्या वजनकाट्यावर चढेना. पत्रा हलतो, वाळू सरकते तसंच काहीतरी वाटलं असावं. शेवटी क्लार्क म्हणाले, "घ्या उचलून, दोघं चढा, मग तुम्ही एकटे चढा." वजाबाकी करून २३ निघाले. माझा आकडा त्यांनी एवढ्या मोठ्याने वाचला की रांगेतल्या सगळ्यांना कळला. भुऱ्या डिसेंबरपासून एक किलो वाढलाय, मी चार.

गाडीत तो झोपलाच नाही. कूपेचं दार बंद, आम्ही दोघं खाली जमिनीवर सतरंजीच्या तुकड्याशेजारी बसून. कल्याण, नाशिक गेलं, तरी त्याने लघवी केली नव्हती. प्लॅटफॉर्मवर उतरवला की फक्त बघत राहायचा. भुसावळला मध्यरात्र उलटून गेलेली. उतरलो तर खांबाशी दोन स्टेशनवरची कुत्री पडलेली. त्यांनी मान वर केली, हा ताठ उभा. माझा जीव वर-खाली. पण कुणी भुंकलं नाही. त्यातलं एक उठलं, जवळ आलं, वास घेतला, परत जाऊन पडलं. मग भुऱ्याने त्याच खांबाशी पाय वर केला तो खाली घेईचना. गार्ड हिरवा दिवा दाखवतोय, बायको दारातून ओरडतेय, आणि मी त्याला "झालं का रे, झालं का रे" करतोय. धावत चढलो.

लग्नाच्या हॉलवर त्याला नेला नाही. डीजे होता, फटाके होते. ताईच्या घरी वरच्या खोलीत, खिडक्या लावून, शेजारचा कॉलेजातला पोरगा सोबत. सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त त्या पोराला कुणीतरी डबा पोचवला आणि त्याने प्रेमाने भुऱ्याला सावजी रश्शातली दोन हाडं दिली.

---

गुरांचा_डॉक्टर | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:२५

किती वाजता? रस्साही खाल्ला? ओकारी, पोट फुगणं, शौचात रक्त, यांतलं काही? तिथल्या डॉक्टरला आत्ता दाखवा, मग इथे लिहा.

---

चिंचेखालचा | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

दाखवलं. काल रात्री साडेनऊला खाल्लं होतं. रात्रभर मी त्याला घेऊन दर तासाला खाली. एक्स-रे काढला, हाड अडकलेलं नाही. कांद्याचं सांगितलं, तर उद्या आणि परवा रक्त तपासायला बोलावलंय. सध्या भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही नाही. तो पोरगा दोनदा येऊन गेला, रडवेला झालाय. त्याला मी काय बोलणार, आम्हीच सांगायला विसरलो होतो.

---

संत्र्याची_बाग | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०२

काहून टेन्शन घेता भाऊ, डॉक्टर चांगला असन तर होऊन जाते बरोबर. रात्री-बेरात्री काही लागलं तर निरोप टाका, मी धरमपेठेतच आहे. परतीचं तिकीट कधीचं?

---

चिंचेखालचा | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

२१ चं. विदर्भच. डॉक्टर म्हणाले तरच निघू. अर्ज दिलाय, चार्ट अजून लागायचाय. भुऱ्या आत्ता ताईच्या पलंगाखाली झोपलाय, सतरंजी तिथे ओढून नेलीय त्याने.